शेजारच्या राजाचा समाचार

मुंबईची गाडी सुटेपर्यंत बाबा सांगलीच्या स्टँडवर खिडकीखाली उभे होते. "पोचल्यावर फोन कर," एवढंच म्हणाले, ऑकलंड जणू कराडच्या पलीकडे असल्यासारखं. ती आमची शेवटची भेट. दोन वर्षांनी ते गेले तेव्हा मला आठवा महिना चालू होता. विमानप्रवासाला डॉक्टरांनी नाही म्हटलं. सगळं फोनवर ऐकलं.

पुढे आई ऑकलंडमधल्या हिल्सबरोला आमच्याकडे राहायला आली. नातीला खेळवायची, डेअरीतून दूध आणायची, शेजारच्या सेलाला हसून 'किया ओरा' म्हणायची. बाबांचा विषय मात्र आम्ही दोघीही टाळायचो.

त्या सप्टेंबरात टोंगाचे राजे वारले. शेजारी देश म्हणून आमच्या पंतप्रधानांनी टीव्हीवर शोक व्यक्त केला. काय झालं ते मी आईला सांगितलं, सेला टोंगाची आहे हेही सांगितलं. आईने लगेच साडी बदलली.

"टीव्हीवरून सांगितलं ते ठीक आहे. पण आपण शेजारी. जाऊन बसायला हवं."

इथे असं न कळवता कोणी जात नाही, असं मी म्हणेपर्यंत ती गेटपाशी पोचली होती.

सेला काळ्या कपड्यांत होती, कमरेला त्यांच्या दुखवट्याच्या रीतीप्रमाणे विणलेली चटई गुंडाळलेली. राजाला कधी पाहिलं होतंस का, आईने माझ्याकरवी विचारलं. लहानपणी एकदा, शाळेवरून त्यांची मोटार गेली तेव्हा, सेला म्हणाली.

"घरी असते तर अंत्ययात्रेच्या वाटेवर सगळ्यांबरोबर बसले असते. इथे एकटीच रडतेय."

हे आईला मराठीत सांगायचं होतं. 'घरी असते तर' एवढंच जमलं. आईने पुढचं विचारलं नाही, मला जवळ ओढलं. बाबा गेल्यानंतर आम्ही पहिल्यांदा एकत्र रडलो, ते सेलाच्या सोफ्यावर. सेलाने टिश्यूचा बॉक्स आणून ठेवला आणि आमच्याशेजारी बसली.

निघताना मी सवयीने 'येते' म्हणणार, तोच आईने माझा हात दाबला. समाचाराला गेल्यावर तसं म्हणायचं नसतं. तशाच उठलो.

आई परत गेली. सांगलीहून तुम्ही सगळे नातेवाईक अजून विचारता, तिथे आपलं असं कोण आहे? घर कुठलं म्हटलं की मीही सांगलीच सांगते. पण मागच्या वर्षी आत्या गेल्याचा फोन आला, तेव्हा फोन ठेवून, जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, पायात सरकवून मी थेट सेलाच्या दाराशी गेले. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि सोफ्यावरचे धुतलेले कपडे बाजूला सारून मला बसायला जागा केली.