डार्सीच्या पत्रातली एक ओळ

डार्सी आठ दिवस दवाखान्यात आली आणि शेल्बीच्या तीन वर्षांवर बोळा फिरवून गेली. निदान शेल्बीला तरी तसंच वाटत होतं.

अमेरिकेत, मिझूरीच्या डोंगरांतल्या कॉब्स फेरी या गावात डॉ. स्टँपर रोगी तपासता तपासता बोलायचे आणि कोपऱ्यात बसून शेल्बी राउच त्यांचं बोलणं संगणकावर उतरवायची. डॉक्टर व्हायचं म्हणूनच तिने तीन वर्षांपूर्वी ही नोकरी धरली होती. यंदा तिने दोन्हीकडे अर्ज टाकले होते: सहा एम.डी.च्या कॉलेजांत, आठ डी.ओ.च्या, म्हणजे ऑस्टिओपथीच्या. डॉक्टर दोन्हीकडे पुरतेच होतात, डी.ओ.वाले वर हातांनी सांधे-स्नायू मोकळे करायलाही शिकतात, आणि अर्जाला एखाद्या डी.ओ.चं शिफारसपत्र जोडलं की ती कॉलेजं खूश होतात. आसपासच्या पन्नास मैलांत डी.ओ. एकच, डॉ. स्टँपर, म्हणजे सगळ्यांचे डॉक. ते पत्र शेल्बी स्वतःचीच मिरास समजत होती.

तेवढ्यात ही मावसबहीण डॉकचं काम बघायला टपकली.

"मला खरं तर एम.डी.च हवंय गं," डार्सी म्हणाली, "पण डी.ओ.चेही चार अर्ज भरून ठेवते. हाताशी असलेले बरे."

हाताशी म्हणे! शेल्बीच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी जेवायला बसावं तर आई सुरू: "डार्सीचे मार्क बघितलेस? आणि वागायला किती साधी पोर!"

मार्कांचं एक वेळ सोसलं असतं. पण तिसऱ्याच दिवशी लाकूड गिरणीतल्या म्हाताऱ्या ऑर्विलच्या पाठीवर डार्सीने हात ठेवला आणि अडकलेली बरगडी पहिल्या फटक्यात शोधली. तीच बरगडी डॉकनी शेल्बीला तीनदा बोट धरून दाखवली होती. तिला ती सापडली नव्हती.

"अगं, ही पोरगी माझं दुकान बंद करणार!" ऑर्विलसमोर डॉक हसले. शेल्बीला ते उतरवून घ्यावंसं वाटलं नाही.

शुक्रवारी डॉकनी डार्सीचं शिफारसपत्र सांगायला घेतलं. शेल्बी टाइप करत होती. "लिही," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "'चाळीस वर्षांत मी पाहिलेले सगळ्यात चांगले हात.'"

शेल्बीने लिहिलं, 'हात चांगले आहेत.' खोटं काय आहे त्यात, असं तिने मनाशी म्हटलं. डॉकनी चष्मा न लावताच छापून दिलेल्या कागदावर सही ठोकली.

"तुझं मात्र मीच टाइप केलं हं. दोन बोटांनी! दोन रविवार गेले."

"मला बघायचं नाहीये, डॉक. शिफारसपत्र वाचणार नाही, असं अर्जातच लिहून दिलंय मी."

"माहितेय. पण एवढं सांगतोच. 'मी बोलतो तेच ही लिहिते, पदरचं काही घालत नाही की गाळत नाही,' असं लिहिलंय. कालच गेलं सगळीकडे."

"परत मागवता येईल?"

"कशाला? फार चढवून लिहिलं का मी?"

बहिणीचे हात, आणि शेल्बीचं काय, तर टायपिंग! डार्सीचं पत्र तसंच पाठवलं तर कुणाला कळणार होतं? आणि डार्सीला एक कॉलेज कमी मिळालं तर आभाळ थोडंच कोसळणार होतं? तिला कुठेतरी एम.डी. मिळेलच, मिळतंच असल्यांना. पण आता चौदा कॉलेजांत डॉकच्या सहीनिशी शेल्बीबद्दलचं ते वाक्य जाऊन पडलं होतं, आणि ते कालपर्यंत खरं होतं.

तिने हातातला कागद उभा फाडला.

"अगं, अगं! काय झालं?"

"एक वाक्य चुकलंय. परत सांगा."

"कुठलं? मला नाही आठवत आता."

डॉकना खरंच आठवत नव्हतं. म्हणजे तेही तिलाच सांगावं लागणार होतं. शेल्बीने खुर्ची पुढे ओढली.

"चाळीस वर्षांत मी पाहिलेले सगळ्यात चांगले हात," ती म्हणाली.

"हां! कुणाचे?"

शेल्बीने कीबोर्ड जवळ ओढला.

"डार्सीचे," ती म्हणाली, आणि लिहिलं.