पाणाड्याचा नारळ

मिरजगावच्या कानिफनाथाला सगळे पाणाड्या म्हणूनच ओळखत. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो रानातून चालायचा. नारळ आपोआप उभा राहील तिथं बोअर घ्यायचं. पाणी लागलं की देवाची कृपा, कोरडं गेलं की शिव्या मात्र कानिफनाथाला. जगाची ही रीत चौसष्टाव्या वर्षापर्यंत त्याच्या चांगलीच अंगवळणी पडली होती.

मागल्या वर्षी त्याच्या लघवीतून रक्त जाऊ लागलं. नगरच्या डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीतून मूत्राशयातली कॅन्सरची गाठ खरवडून काढली आणि ऑपरेशनच्या टेबलावरच नळीवाटे औषध आत भरून तासभर ठेवलं.

"खरवडताना गाठीचे कण सुटतात, बाबा. हराळीच्या कांडीसारखे दुसरीकडं रुजतात," त्या म्हणाल्या. "ते रुजू नयेत म्हणून लगेच हे औषध. पुन्हा उगवायची भीती त्यानं कमी होते, पण संपत नाही. तपासणी चुकवू नका. आणि मिश्री दोघांनीही बंद करा. तंबाखूच आहे ती."

कानिफनाथानं मिश्री सोडली. बायको मनकर्णानं मान हलवली आणि डबी फक्त कोनाड्यातून चुलीमागं नेली.

घरी आल्यावर त्याच्या डोक्यात भलतंच शिरलं. जमिनीच्या पोटातलं कळतं, मग आपल्या पोटातलं का कळू नये? रोज दुपारी बाजेवर पडून तो नारळाचा हात ओटीपोटावर धरायचा. नारळ आडवाच राही. तपासण्याही स्वच्छ निघत, पण त्याचा खरा भरवसा नारळावर. वर्षाची तपासणीही निर्वेध पार पडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा अगदी पडला होता. मनकर्णा चहा घेऊन बाजेच्या कडेला टेकली आणि नारळ हलला. हळूहळू शेंडी वर करत उभा राहिला. हराळी उगवली, एवढंच कानिफनाथाच्या मनात आलं.

"काय झालं वो?"

"काय न्हाई. वाईच पानी आन."

ती आत गेली आणि नारळ आडवा झाला. तांब्या घेऊन परत टेकली, तर पुन्हा उभा. कानिफनाथानं हात तिच्याकडं सरकवला. बोटांना झिणझिण्या आल्या. दुसऱ्या हातानं त्यानं नारळ दाबून पाहिला, तो दबेना. शेवटी दोघांच्या मधे बाजेवर ठेवला. त्या सैल सुंभावरही तो ताठ उभा. स्वतःबद्दलची भीती कुठल्या कुठं गेली, आणि तिच्या जागी जी आली ती त्याला सोसवेना.

"मनकर्णा, लघवीला लाल हुतंय का?"

तिनं तांब्या खाली ठेवला.

"दोन म्हैने झालं," ती म्हणाली. "म्हनलं, तुमची वर्साची तपासनी हू द्यावी आदी."