करंगळीला ओळखणारा फोन

यंत्राने उच्चारलेल्या शब्दावर लगेच विश्वास ठेवावा, अशी माझी घडण नाही. वेदपाठशाळेत आम्हांला शिकवले गेले ते असे की, ऐकलेले पद सुलट म्हणून पाहावे, उलट म्हणून पाहावे, पुढच्या पदाशी गुंफून पाहावे, आणि इतके करूनही ते ढळले नाही तरच कंठात ठेवावे. काचबिंदूने माझी दृष्टी नेली त्यास आता सहा वर्षे होतील. ज्याला दिसत नाही त्याने संशयही घेऊ नये, असे लोकांना वाटते. मला ते मान्य नाही.

तरीही मला फोन घ्यावा लागला, आणि त्याचे कारण सांगितले पाहिजे. आमचे गाव चामोर्शीहून मुलचेऱ्याकडे जाताना जंगलाच्या कडेला आहे. घरात मी आणि माझी पत्नी, एवढे दोघेच. शेजारी महादेवाचे देऊळ; त्याची पूजा तीन पिढ्या आमच्याकडे आहे. गेल्या वर्षी धानाच्या रोवणीच्या दिवसांत, सगळे गाव शेतात, बांधीतल्या चिखलात उभे असताना, स्वयंपाकघरात भांडे पडल्याचा आवाज झाला आणि त्यापाठोपाठ काहीच आवाज झाला नाही. मी भिंत धरून गेलो. पत्नी जमिनीवर होती. मुलीने नागभीडहून पाठवलेला फोन कोनाड्यात होता. तो मी हातात घेतला. नुसती गुळगुळीत, मुकी काच. कुठे बोट ठेवावे, कुठून आरंभ करावा, काही कळेना. अंगणात येऊन मी हाका मारल्या. किती वेळ मारल्या ते परमेश्वर जाणे. अखेर एक म्हातारी शेळ्या घेऊन परतली, तिने माणसे आणली. पत्नी वाचली. डॉक्टर म्हणाले, हृदयाचे दुखणे आहे, पुन्हा असे झाले तर वेळ दवडू नका.

त्या दिवशी मी ठरवले की माझ्या खाटेवरून, माझ्या हाताने, कोणाला न विचारता फोन लागला पाहिजे. बाकी काही नको.

चामोर्शीच्या बाजाराच्या दिवशी आम्ही दोघे दुकानात गेलो. दुकानदाराने एक मोठा फोन माझ्या तळहातावर ठेवला आणि त्यात काहीतरी चालू केले. लगेच एक बाई त्यातून मराठी बोलू लागली. काचेवर बोट फिरवावे तसे ती बोटाखालच्या वस्तूचे नाव सांगे. दोनदा टिचकी मारली की ती वस्तू उघडे. सोय उत्तम होती, हे मी नाकारत नाही. परंतु तिचा स्वर मला खटकला. कोठेही न अडखळता, कोठेही श्वास न घेता बोलणाऱ्याविषयी मला बालपणापासून शंका येते.

“गुरुजी, बोट ठेवा,” दुकानदार म्हणाला. “तुमचं बोट ओळखून फोन उघडन. दुसऱ्या कोनाले उघडता येनार नाई.”

मी उजव्या हाताचा अंगठा ठेवला. बाई म्हणाली, पुन्हा प्रयत्न करा. तर्जनी ठेवली. पुन्हा प्रयत्न करा. डावा अंगठा, मधले बोट, अनामिका. प्रत्येकाला तेच उत्तर. दुकानदाराने माझे हात आपल्या रुमालाने पुसले. तरी तेच.

“हा बिघडलेला नग आहे,” मी म्हणालो. “आंधळ्याला खपेल म्हणून काढलात.”

“अहो गुरुजी, काल पेटी फोडली! माह्या बोटानं पाहा, लगेच उघडते.”

“तुमच्या बोटाने उघडतो, हेच तर मला नको आहे.”

पत्नी शेजारून म्हणाली, “चला घरी. याईले देवाच्या मूर्तीवरबी भरोसा नाई, रोज हात लावून पाह्यतेत हाये का गेला.”

दुकानात हशा पिकला. दुकानदार म्हणाला, बोट राहू द्या, आकडे दाबून उघडा. मी आकडे दाबू लागलो तर ती बाई प्रत्येक आकडा खणखणीत आवाजात सांगू लागली. माझे कुलूप आणि त्याची किल्ली साऱ्या बाजाराला ऐकू गेली. मी फोन परत ठेवला. निघताना तो म्हणाला, सिम तरी घ्या, तुमच्या गावात याच कंपनीचा टॉवर फुल्ल आहे. त्या कंपनीची छत्री त्याच्या दारात उभी आहे, हे पत्नीने मला आधीच सांगितले होते.

बाजाराच्या टोकाला एक गृहस्थ बसतात. ते जन्मांध. पूर्वी टेलिफोनचा बूथ चालवीत. बूथ बंद पडले तेव्हापासून खुर्च्या विणतात. आमची ओळख देवळातली. मी त्यांना भाऊ म्हणतो, ते मला महाराज. घडले ते मी त्यांना रागानेच सांगितले. ते माझा हात हातात घेऊन बोटांची टोके चाचपू लागले.

“महाराज, दुकानदार चोर नाई. चोर तुमीच आहा.”

“म्हणजे?”

“तुमच्या बोटाले रेघाच नाई उरल्या. किती वर्सं झाली चंदन उगाळून?”

मी हिशेब केला. मुंजीपासून. पहाटे सहाणेवर चंदनाचे खोड धरायचे ते अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाने. गंध ओढून घ्यायचे ते डाव्या अंगठ्याने. देवाला लावायचे ते अनामिकेने. साठ वर्षे चंदन झिजत होते असे मी समजत होतो. बोटेही झिजत होती.

“करंगळी काय करते?” त्यांनी विचारले.

“करंगळीला काम नाही.”

“मंग तिले लावा कामाले. अन् हे कानात घाला.” त्यांनी कानात घालायची वायर माझ्या हाती दिली. “बाई तुमच्याच कानात बोलन, बाजारात नाई.”

आम्ही परत दुकानात गेलो. डावी करंगळी ठेवली. फोन उघडला. दुकानदाराने न हसता फोन पेटीत घालून दिला. ते त्याचे सौजन्य. मी त्याची क्षमा मागितली. परंतु सिम मात्र घेतले नाही.

कारण सिमची परीक्षा दुकानात होत नसते, घरी होते. सोमवारी देवळात भाविक येतात. प्रसाद घेऊन झाल्यावर मी प्रत्येकाला विचारू लागलो, तुमचे सिम कोणत्या कंपनीचे? ते म्हणत, “टॉवर फुल्ल आहे, गुरुजी, चार रेघा दिसून राह्यल्या.” मी म्हणे, रेघा तुम्हांला दिसतात, मला आवाज हवा. मग त्यांना घरात नेऊन त्यांच्याच फोनवरून चामोर्शीच्या भाऊंना फोन लावायला सांगत असे. माझ्या खाटेवर बसून मी आठ श्लोकांचे एक स्तोत्र सावकाश म्हणे. भाऊंनी कान देऊन ऐकायचे आणि कोठे तुटले ते सांगायचे. लोकांना हे वेड वाटले असावे. पत्नी म्हणे, देवाले एकदा आयकवा, फोनले तीनदा.

पहिल्या कंपनीचा आवाज दुसऱ्या श्लोकातच बुडाला. छत्रीवाल्या कंपनीचा अंगणात सुरेख येई, पण खाटेपाशी आलो की पाचव्याच्या पुढे भाऊंना नुसती खरखर. तिसऱ्या कंपनीचे सिम गावात मोजक्या लोकांकडे होते. त्यावरून आठही श्लोक पोचले. एका सोमवारच्या निकालावर मी विसंबलो नाही. ढगाळ दिवशी आणि वीज गेलेली असतानाही म्हणून पाहिले. मगच ते सिम घेतले. फाट्यावरच्या रिक्षावाल्याचा क्रमांक सर्वांत वरच्या जागी ठेवून घेतला, आणि तेथवर बोट नेण्याचा अभ्यास रोज संध्येनंतर केला.

माघ महिन्यात एका दुपारी जप संपवून मी माळ गोमुखीच्या पिशवीत ठेवली. घर शांत होते. सुपाचा आवाज नाही, बांगडीचा नाही. मी हाक मारली. पुन्हा मारली. स्वयंपाकघर, देवघर, मागची पडवी सारे चाचपले. मग उभ्याउभ्याच करंगळी ठेवली, वरची जागा शोधली, दोनदा टिचकी मारली. पहिल्याच घंटीला रिक्षावाला बोलला. मी म्हणालो, “लगेच ये. घरची बाई सापडत नाही.”

तो आला तेव्हाच मागच्या दाराने पत्नीही आली. शेजारी अंबाडीची भाजी आणायला गेली होती.

“मी सांगून गेली ना! तुमी मान हालवली.”

जपात असताना मी मान हलवली असेल. मला आठवत नव्हते.

“रिक्षा कोनासाठी?” तिने विचारले.

“तुमच्याचसाठी, बाई,” रिक्षावाला म्हणाला. “गुरुजींनं तं तुमाले हरवूनच टाकलं. आता आलोच आहो तं बसा, चामोर्शी दाखवून आनतो.”

तो हसला. मीही ओशाळून हसलो आणि तिच्या टोमण्याची वाट पाहू लागलो. टोमणा आला नाही. चाळीस वर्षांच्या संसारात अशी संधी तिने कधी वाया घालवलेली मला ठाऊक नाही. भाजीची जुडी खाली ठेवल्याचा आवाज आला, तोही फार सावकाश.

“बसतेस का?” मी विचारले.

“बसते,” ती म्हणाली.

तिने वाद घातला नाही, त्यावरूनच मी ओळखले की काहीतरी बिघडले आहे. वाटेत तिने सांगितले की सकाळपासून डावा हात जड आहे, घाम येत आहे. मी घाबरेन म्हणून बोलली नाही. चामोर्शीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिला ठेवून घेतले. सहाव्या दिवशी ती घरी आली.

फोनवर माझा अजूनही पूर्ण विश्वास नाही. त्याने काम केले ते मी मान्य करतो. उद्या करील याची हमी कोण देणार? म्हणून आजही दर सोमवारी मी खाटेवर बसून करंगळीने फोन उघडतो आणि भाऊंना आठ श्लोक ऐकवतो. ते शेवटी म्हणतात, “आठही आले, महाराज.”

आणि आतून चुलीपाशी बसलेली पत्नी म्हणते, “आले, पन सातवा घाईत म्हनला. भाऊले सांगा, कान तपासून घे म्हनावं.”