सुर्रमावशीचं टेबल

दाताच्या दवाखान्यात कुणाला काय नाव पडेल याचा नेम नाही. या बाईंना पडलं ‘सुर्रमावशी’. डॉक्टरीणबाई दात कोरायला लागल्या की पेशंटच्या तोंडात साठलेलं पाणी ओढणारी नळी धरायची, हे मावशींचं काम. नळी सुर्रर्र करायची आणि मावशी तिच्यापेक्षा जरा वरच्या पट्टीत तोच आवाज तोंडाने काढायच्या. रडायला तोंड उघडलेलं पोर हसायला लागायचं. तोंड उघडंच असल्यामुळे तेवढ्यात डॉक्टरीणबाई आपलं काम उरकून घ्यायच्या. असा तिघांचा संसार, म्हणजे डॉक्टरीणबाई, मावशी आणि नळी, बरीच वर्षं सुखाने चालला.

मग मावशींचा उजवा खांदा आखडला. केस विंचरायचे तर कंगवा डोक्याकडे जाईना, डोकंच कंगव्याकडे न्यावं लागे. तो हात नळी काय धरणार? डॉक्टरीणबाईंनी त्यांना काढलं नाही, बसवलं. औषधांच्या कपाटामागे, इन्शुरन्सच्या टेबलावर. आधीचा माणूस नुकताच नोकरी सोडून गेला होता. मागे एक स्टेपलर ठेवून गेला होता, तोही बिनपिनांचा.

“बसून काम आहे मावशी,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “खांद्याला आराम.”

“बसून काम कोंबडीचंही असतं मॅडम,” मावशी म्हणाल्या. “पण तिच्या बसण्यातून काहीतरी निघतं.”

काम सांगायला सोपं होतं. पेशंटचे कागद विमा कंपनीला पाठवायचे, आणि कंपनीने नाही म्हटलं की फोन करायचा. कंपनी नाही म्हणायला फार तत्पर. फोन लावला की आधी डब्यात बंद केलेली एक बाई बोलायची. “आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे.” हे ती इतक्या वेळा सांगायची की ऐकणाऱ्याला शंका यावी. मग टिंग टिडिंग, टिंग टिडिंग. मग तीच बाई, “गुणवत्ता वाढवण्यासाठी हा कॉल रेकॉर्ड केला जात आहे.” पुन्हा टिंग टिडिंग. शेवटी एखादा मुलगा यायचा. “नमस्कार मॅडम, मी आपली काय सहाय्यता करू शकतो?” मुलगे बदलायचे, सूर तोच. एका टाकीचं पाणी सगळ्या नळांना. आणि कितीही भांडा, शेवट ठरलेला, “आपली असुविधा मी समजू शकतो, मॅडम.”

रात्रीच्या जेवणाला मावशी हा सगळा खेळ नवऱ्याला करून दाखवत, टिंग टिडिंगसकट. नवरा चाव्या बनवणारा. बोटं कायम काळी आणि बोलणं कमी. हसून हसून त्याला ठसका लागे, पण मावशी हसत नसत.

“महिनाअखेर सोडते मी,” त्या म्हणाल्या. “आयुष्यभर माणसांच्या तोंडात बघून काम केलं. आता कागदांच्या तोंडी लागून म्हातारी व्हायचं नाही मला.”

नवऱ्याने भाजी तेवढी आणखी वाढून घेतली.

त्याच आठवड्यात बसस्थानकावरच्या निवेदिकाबाई आल्या. शहरात या बाईंचा चेहरा कुणाला ठाऊक नव्हता आणि आवाज ठाऊक नाही असा माणूस नव्हता. कुठली बस कुठल्या फलाटावर लागली आणि कुणाचं पोर हरवून चौकशीच्या खिडकीत बसलंय, हे सगळं त्यांच्याच आवाजात ऐकत लोक लहानाचे मोठे झाले होते. पायरीवर घसरल्या आणि समोरचा वरचा दात तिरका तुटला. डॉक्टरीणबाईंनी मुळापर्यंत साफ करून तो वाचवला. वर कॅप बसवायची राहिली होती. तोवर तात्पुरता तुकडा चिकटवून पाहिला, तर तो दोनदा निघाला. एकदा चहात.

“ऐका आता,” बाई मावशींना म्हणाल्या. “फलाट क्रमांक सात. सामान सांभाळा.”

प्रत्येक ‘स’मधून बारीक, धारदार शिट्टी निघाली. मावशींनी आयुष्यात नाना आवाज काढले होते, पण हा त्यांनाही जमला नसता.

“परवा मी ‘सात’ म्हटलं,” बाई म्हणाल्या, “आणि सातच्या ड्रायव्हरला वाटलं कंडक्टरने शिट्टी मारली. निघाला की बस घेऊन. कंडक्टर खाली, हातात उसाच्या रसाचा ग्लास.”

मावशी हसल्या. बाईही हसल्या, आणि हसतानाच त्यांचे डोळे भरून आले.

“साहेबांनी माईक काढून घेतला, मावशी. मला भांडारात बसवलंय, टायरं मोजायला. म्हणाले, महिन्याभरात दात नीट झाला तर बघू, नाहीतर मशीन बसवतो. बटण दाबलं की बोलतं. आता टायरांना काय सांगू, सामान सांभाळा?”

कपाटामागे बसवलेल्या मावशींना हे अगदी वर्मी लागलं. आपली जागा गेली की काय जातं, ते त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्यांनी कागद पाठवले. कंपनीचं उत्तर आलं, नामंजूर. कारण एका ओळीत, ‘सदर उपचार सौंदर्यवृद्धीसाठी आहे.’ बाईंनी खिशातून कॅप करायची तर दोन पगार गेले असते, आणि पगारातला माईकचा भत्ता तर आधीच बंद झाला होता.

“सौंदर्यवृद्धी,” मावशी घरी आल्या त्या हेच पुटपुटत. “टायरांच्या गोदामात सौंदर्य कुणाला दाखवणार ती? सोडतेच मी हे.”

नवरा एका हट्टी कुलपाची चावी करत बसला होता. कोरी चावी त्याने दिव्याच्या ज्योतीवर काळी केली, कुलपात घातली, जरा फिरवून पाहिली. फिरली नाही. बाहेर काढली, उजेडात धरली.

“हे बघ,” तो म्हणाला. काजळीवर एका ठिकाणी चकचकीत रेघ उमटली होती. “फिरली नाही म्हणून चावी फेकत नाहीत, अगं. कुठे अडली ते कुलूपच सांगतं. तिथेच कानस मारायची.”

“अहो, मी कंपनीबद्दल बोलतेय.”

“मीही,” तो म्हणाला, आणि कानस मारायला लागला.

मावशी बराच वेळ त्या रेघेकडे बघत बसल्या. कंपनीने नुसतं नाही म्हटलं नव्हतं. कुठे अडलंय ते सांगितलं होतं. तिकडच्या माणसाला दात फक्त दिसण्यापुरताच हवा असतो असं वाटत होतं, कारण कागदावर तो नुसता दिसत होता. कागदाला शिट्टी कुठे ऐकू येते?

दुसऱ्या दिवशी त्यांनी निवेदिकाबाईंना जेवणाच्या सुट्टीत बोलावून घेतलं, टेबलाशी दुसरी खुर्ची ओढली आणि फोन लावला. अत्यंत महत्त्वाचा आहे. टिंग टिडिंग. रेकॉर्ड केला जात आहे. टिंग टिडिंग. एरवी या वाक्याला मावशी तोंड वेंगाडत. आज त्यांनी मान डोलावली.

“नमस्कार मॅडम, मी आपली काय सहाय्यता करू शकतो?”

“बाळा, हा कॉल रेकॉर्ड होतोय ना? नक्की?”

“हो मॅडम. गुणवत्ता वाढवण्यासाठी.”

“मग वाढव. तुमच्याकडे एक क्लेम नामंजूर झालाय.” त्यांनी नंबर सांगितला. “आता मी फोन दुसऱ्या बाईंकडे देते. त्या बोलतील तेवढं रेकॉर्ड होऊ दे, मध्ये बोलू नकोस.”

निवेदिकाबाई आधी बिचकल्या. मग सवयीने पाठ ताठ झाली, आणि कपाटामागच्या त्या दीड हात जागेत बसस्थानक उभं राहिलं. “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. सकाळी सव्वासातची साधी बस फलाट क्रमांक सातवर...”

शिट्ट्यांवर शिट्ट्या. आतल्या खोलीत डॉक्टरीणबाईंचं यंत्र थांबलं. तोंड उघडं ठेवून बसलेला पेशंट मान वळवून बघायला लागला.

मग पलीकडचा मुलगा पहिल्यांदाच माणसासारखा बोलला.

“थांबा थांबा. म्हणजे यांचं कामच बोलायचं आहे का?”

“तेच तर,” मावशी म्हणाल्या. “तू रोज बोलून पगार घेतोस ना? उद्या तुझ्या प्रत्येक ‘सहाय्यता’त अशी शिट्टी वाजली तर तुझे साहेब तुला फोनवर ठेवतील का? तो दात दाखवायचा नाही रे, वापरायचा आहे.”

“नाही ठेवणार,” मुलगा हळूच म्हणाला. मग पुन्हा टाकीचं पाणी सुरू झालं, पण जरा कोमट. “मॅडम, मी फेरतपासणीसाठी वर पाठवतो. रेकॉर्डिंग जोडतो. तुम्ही दोन पत्रं पाठवा, एक बोलण्यात अडचण आहे असं डॉक्टरांचं आणि एक यांच्या ऑफिसचं, माईक काढल्याचं.”

“आजच पाठवते. आणि बाळा, असुविधा समजलास, बरं वाटलं.”

पत्रं गेली, आणि मध्ये मावशींनी आणखी दोनदा टिंग टिडिंग ऐकलं. मंजुरी आली तेव्हा महिना संपायला आला होता. कॅप बसली त्या दिवशी मावशी मुद्दाम आतल्या खोलीत जाऊन उभ्या राहिल्या. नळी नव्या मुलीच्या हातात होती. निवेदिकाबाईंनी आरशात पाहिलंच नाही. आधी “सात” म्हणून बघितलं. ‘स’ साधा, स्वच्छ, बिनशिट्टीचा.

“मावशी,” संध्याकाळी डॉक्टरीणबाई कपाटामागे डोकावल्या, जरा भीतभीतच. “महिना संपला. सोडायचं म्हणत होतात, काय ठरलं तुमचं?”

“पिना मागवा,” मावशी म्हणाल्या. “मोठी डबी. या स्टेपलरने कुणाचं भलं होणार नाही.”

त्यांच्यासमोर नामंजूर कागदांचा जुना गठ्ठा होता. आधीच्या माणसाने सुतळीने बांधून खणात कोंबलेला. मावशी एकेक कागद खिडकीच्या उजेडात धरून बघत होत्या, कुठे अडलंय ते.

पुढच्या सोमवारी घरी जाताना त्या बसस्थानकावर उभ्या होत्या. भोंग्यात खरखर झाली आणि आवाज आला, जुना, भरदार, प्रत्येक अक्षर धुऊन ठेवल्यासारखं. फलाट क्रमांक सात. सामान सांभाळा. मावशींचीच बस लागली होती. ती आली, भरली, निघून गेली. मावशी भोंग्याकडे मान वर करून उभ्याच होत्या.

“बाईंचा आवाज आज काय लागलाय,” शेजारचा म्हातारा म्हणाला.

“लागणारच,” मावशी म्हणाल्या. “त्यातला पुढचा दात आमच्या टेबलावरून गेलाय.”