गादीच्या मधली शिवण

घडीची गादी, ती पाठीवर न्यायचे पट्टे, दगड घासायचा काथ्याचा ब्रश, हाताला लावायच्या पावडरीची पिशवी... हे सगळं मी स्वतःच्या हातांनी केलंय. जळगावात माझं गाड्यांची सीट शिवायचं दुकान आहे. शिवणं असो की दगड चढणं, मला कोणी शिकवलं नाही.

यावलच्या पुढे सातपुड्याच्या जंगलात, सागाच्या झाडांमध्ये खोलीएवढाले काळे दगड पडलेत. दोर न लावता ते चढायचे, हात सुटला तर गादीवर पडायचं, एवढाच खेळ. पण हा ज्वालामुखीचा दगड... नुसता घट्ट धरला तरी बोटाची साल निघते. जमिनीतूनही त्याची टोकं वर आलेली असतात. म्हणून सगळी भिस्त गादीवर.

परवा रविवारी बायको पहिल्यांदाच सोबत आली. तिचं माहेर पारोळ्याचं, त्यामुळे टोमणा खास अहिराणीत. "घरना सोफा फाटी गया, आन् दगडले गादी." मी ऐकून घेतलं... सोफा खरंच फाटलाय.

तिथे नाशिकची काही पोरं-पोरी आधीच चढत होती. त्यांची गादी पातळ होती, म्हणून मी माझी टाकली. त्यांच्यातली ऋतुजा वरच्या कडेला हात घालता घालता सुटली आणि पाठीवर आली, थेट माझ्या गादीवर. उठली ती हसतच. "काका, ही कुठून मागवली?"

मीच बनवली म्हटल्यावर सगळे गोळा झाले. टाके बघितले, रेक्झिनऐवजी ट्रकची ताडपत्री का, तेही विचारलं. खोटं कशाला बोलू, छाती फुगली होती. त्यांचा म्होरक्या निखिल तर उभ्या उभ्या ऑर्डरचंच बोलायला लागला.

बायको तोवर गादीवर जाऊन बसली होती. मधल्या घडीच्या शिवणीवर तिने तळवा दाबला. "आठे हात लाई देखा. दगड लागस."

मी दाबून बघितलं. फोमचे दोन तुकडे जिथे भेटतात, तिथे खालचं टोक सरळ हाताला लागलं. गादी उलटी केली... ताडपत्रीला बरोबर शिवणीवर भोक. ऋतुजाची पाठ तिथून वीतभर बाजूला पडली होती.

"चालतंय हो काका, आम्ही शिवण सोडून पडू," निखिल म्हणाला. सगळे हसले, मीही हसलो. पण पडणारा माणूस जागा निवडत नाही. त्यांना पुढच्याच रविवारच्या शिबिराला गाद्या हव्या होत्या, आहेत तशाच... आणि शिबिराला येणारे सगळे नवशिके.

परतीच्या बसमध्ये डोक्यात एकच चालू होतं. फोम सरळ न कापता तिरपा कापायचा, म्हणजे एक तुकडा दुसऱ्यावर चढेल आणि मध्ये फट राहणार नाही. आधी मी स्वतः पडून बघेन, मग दुसऱ्याला देईन. बायकोला हे सांगितलं, तर खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "पहिले सोफा."

तिचा हात त्या शिवणीवर पडला नसता, तर मी सौदा केलाच असता.

बारा गाद्यांची ऑर्डर होती, रोख शहाण्णव हजार. नाही म्हणालो.