खैर म्हणून लावलेली सुबाभूळ

रोपवाटिकावाल्याने मला फसवलं, आणि माझ्या शब्दावर राबणाऱ्या साखरा गावच्या बायांनाही. गावाच्या माळावर सुबाभूळ इतकी माजली होती की खाली गवताची काडी उगवत नव्हती. तिची रोपं आम्ही पावसाळाभर, मजुरी न घेता, मुळासकट उपटली. हा गृहस्थ "शेळ्यांना होतील" म्हणत ढीग उचलून न्यायचा.

पुढच्या पावसाळ्यात तिथे खैर लावायचं ठरलं. रोपं मी त्याच्याकडूनच घेतली. हळदीच्या बाजारात जन्म काढलेला माणूस मी, घासाघीस केली, पिशव्या फिरवून पाहिल्या आणि विचारलं, "काटे कुठं हायत?"

"ते मोठेपणी येतात, शेठ."

वर्षभरात झाडं डोक्यावर गेली. काटा एकही नाही, वर सुबाभळीचे पांढरे गोंडे. बाया म्हणाल्या, "मग शेठ, आता हीच उपटायला कधी येऊ?"

मी रोपवाटिकावाल्याला गाठलं, तर तो दात काढून हसला. "तुमचीच रोपं होती ती, शेठ. तुमी फेकून राहिले व्हते, मी जगवली."

त्या हसण्याची अजून किळस येते. त्याने माळावर यावं आणि त्या बायांच्या तोंडावर सांगावं, त्यांची मेहनत त्याने काहून मातीत घातली?