चुनखडकावरचा शंख

आमच्या आत्याला स्वस्थ बसणं ठाऊकच नाही. विद्यापीठात भूगर्भशास्त्र विभागाबाहेर नमुन्याचे दगड मांडलेत, ते झाडायचं-पुसायचं काम तिचं. शेवटचा दगड पुसून झाला की पुन्हा पहिल्यापासून सुरू. दगडांनासुद्धा उसंत नाही बिचाऱ्यांना.

त्यातल्या चुनखडकावर शंखाचा ठसा होता. तो दगड शोधून आणणारे सर निवृत्त झाले, त्यांची नजर गेली, तरी रोज सकाळी काठी टेकत एकटेच यायचे. शंखावरून बोट फिरवायचे आणि घरी जायचे.

विद्यार्थी या दगडावर ॲसिडचा थेंब टाकून फेस येतो का बघतात. आत्याला वाटलं, ही धुण्याचीच रीत. काल संध्याकाळी तिने संडास धुवायच्या ॲसिडची अख्खी बाटली दगडावर ओतली, वर ब्रशने खसाखसा घासलं. दगड फसफसला, आत्या खूश! पाणी मारलं, तर शंख गायब.

मग तिच्या जिवाला घोर. घरी येऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासायला लागली.

"त्यांना दिसत नाही रे," मला म्हणाली. "मी गप्प बसले तर कुणाला कळणार?"

"मग बस गप्प."

"तेच जमत नाही ना मेलं!"

सकाळी मीही तिच्यासोबत गेलो. सर आले. बोट फिरलं, थांबलं, पुन्हा फिरलं. त्यांनी शेजारचा दगड चाचपला, त्याच्या पलीकडचाही.

"बाई, माझा दगड कुठला हो? डोळ्यांपाठोपाठ डोकंही गेलं वाटतं माझं."

आत्या हातातलं फडकं टाकून धावली. "डोकं जागेवर आहे तुमचं, सर. माझंच गेलं होतं." आणि रडत रडत तिने सगळं सांगून टाकलं.

सर काठी सावरत आत्याच्या आवाजाकडे वळले. आता आत्याची काही खैर नाही, असं मला वाटलं.

"म्हणजे मी बरोबर दगडापाशी आलो होतो?"

"अगदी बरोबर."

"शंख गेला, फार वाईट केलंत," ते म्हणाले. "पण सांगितलंत ते बरं झालं. मी आता घरी जाऊन मुलाला सांगणार होतो, यापुढे मला एकट्याला बाहेर सोडू नकोस."

मग त्यांनी हात पुढे केला. "कुठे होता, दाखवा."

आत्याने त्यांचं बोट धरून त्या जागी टेकवलं, आणि स्वतः दगडाशेजारी मातीतच मटकन बसली.